लोखंडी पुलावरून बाबांना केलेला फोन

ग्रुपवर दुपारपासून सगळे विचारताय, म्हणून इथेच सांगतो. माझं झालं नाही. यूपीएससीचा शेवटचा अटेम्प्ट होता.

इथे दिल्लीत, मुनिरकातल्या रूमवर पेढे चालू होते, कारण रूममेटचं सिलेक्शन झालं. तिथून बाबांना फोन करवेना. म्हणून यमुनेवरच्या जुन्या लोखंडी पुलावर गेलो. तिथे रस्ता खाली आणि डोक्यावर रुळांचं छप्पर. गाडी आली की स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही. मला तेच हवं होतं.

वर खडखडाट सुरू झाल्यावर फोन लावला. "बाबा, नाही झालं. आता चान्सही संपले," एका दमात बोलून टाकलं.

एक ई-रिक्षावाला थांबला. हातानेच विचारलं, सब ठीक? मी नुसती मान हलवली.

गाडी निघून गेली, खडखडाट थांबला. फोनवर बाबांच्या मागे आई विचारत होती, "काय म्हणतोय?"

"काही ऐकू येत नाहीये गं, गाडीचा आवाज आहे," बाबा तिला म्हणाले. मग मला, हळूच, "जेवून घे. आणि तिकीट काढ, घरी ये आता."

तेव्हापासून पुलावरच बसलोय. काहीच ऐकू आलं नाही, तर मग घरी ये का म्हणाले? आणि आईला आता कोण सांगणार, यार?