मरीयेचा उचललेला हात

योहानभाऊंचा फोन आला तेव्हा मी नववीचा तास संपवून वर्गाबाहेर पडत होते. "ताई गेली," एवढंच ते म्हणाले. पुणतांब्याच्या रूथबाईंना जाऊन आता दीड महिना होईल. त्या दिवशी मला रडू आलं नाही.

आमच्या शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या, मी मराठी. निवृत्तीनंतर त्या गावी, धाकट्या भावाच्या, योहानभाऊंच्या, घराला लागून असलेल्या खोलीत राहायला गेल्या, आणि मी त्यांच्याकडे तैलरंग शिकायचा हट्ट धरला. रविवारची उपासना आटोपली की मी तिथं पोचायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी एक छापील चित्र पुढ्यात ठेवलं. इटलीतलं, पाचेकशे वर्षांपूर्वीचं. तुला मूल होणार, असं देवदूत येऊन सांगतो आणि पोरसवदा मरीया, येशूची होणारी आई, एक हात उचलून मागे सरते. "हिची नक्कल कर," बाई म्हणाल्या. "देवदूत नको, एकटी मरीया." मी तर कोऱ्या कॅनव्हासलाच भीत होते. जवसाच्या तेलात रंग कालवत नुसती वेळ काढायचे. चेहऱ्याला आधी हिरवट थर द्यायचा, ही त्या जुन्या चित्रकारांची रीत. तो दिल्यावर मी दचकले. "बाई, ही मेल्यासारखी दिसतेय." त्या हसल्या. "दिसू दे. वरून रक्त आपण आणायचं."

चेहऱ्यात रक्त आलं, पण तो उचललेला हात काही जमेना. मी काढायचे, कापडाने पुसायचे. शेवटी एका रविवारी बाई स्वतःच खिडकीपाशी बसल्या आणि तसाच हात उचलून धरला. "बघून काढ." मी बघत होते... बोटं थरथरत होती. मला वाटलं, दमल्या. "खाली घ्या, बाई." त्यांनी घेतला नाही. तसंच बसून म्हणाल्या, "पोटात गाठ निघालीय. नगरला बोलावलंय. योहानला इतक्यात सांगू नकोस, तो जेवायचा नाही." मग अगदी हळू, "मला लई भीती वाटतेय गं." शाळेत भल्याभल्यांना दरडावणाऱ्या बाई. "तू काढ," त्या म्हणाल्या, आणि मी उजेड होता तोवर तो थरथरणारा हात काढत राहिले.

नगरला मीच सोबत गेले. ऑपरेशन करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. मग योहानभाऊंना सांगावंच लागलं. हळूहळू बाईंचा चेहरा पिवळा, मग हिरवट होत गेला, आणि त्यांच्याकडे बघायचं मला धाडस होईना. शेवटच्या भेटीत मी पुरं झालेलं चित्र त्यांच्या पलंगासमोर धरलं. खूप वेळ बघून त्यांनी विचारलं, "डोळे शांत केलेस. माझ्यासाठी?"

मी मान डोलावली.

"नको. तिला घाबरू दे. घाबरत घाबरतच देवदूताला हो म्हणाली ती." मी तिथंच जमिनीवर बसून मरीयेचे डोळे पुन्हा जाड रंगानं रंगवले. बाई बघत होत्या. "आता बरोबर," एवढंच म्हणाल्या.

स्मरणाच्या प्रार्थनेला सगळे सांगत होते, बाई किती धीरानं गेल्या. माणसं पांगल्यावर योहानभाऊ मला बाईंच्या खोलीत घेऊन गेले. चित्र भिंतीला टेकवलेलं होतं. ते समोर उकिडवे बसले.

"ह्यो ताईचा हात हाय ना?"

"हो."

"घाबरली हुती ती?"

"हो. खूप."

ते चित्राजवळ सरकले. "माझ्यापुढं गानी म्हनायची," ते म्हणाले. "मला वाटलं, मी एकटाच भ्यालोय." त्यांनी बोट पुढं केलं. मी म्हटलं, "हाताला लावा, तो वाळलाय. डोळ्यांना नको... अजून ओले आहेत."