सारख्या उंचीचे दोन खांब

इंग्रजीत बोलायचं माझ्यावर आलं तेव्हा हातात नऊ दिवस होते. आमच्या बायकांच्या गटातल्या बारा घरांनी म्हशींना मुरघास घातला होता, म्हणजे हिरवा मका बारीक कापून पिशवीत दाबून, हवा न लागू देता मुरवलेला चारा. दुसऱ्या बारा घरांनी नेहमीचा कडबा. दुधात फरक दिसला तर प्रयोग लावणारी संस्था आम्हाला चारा कापायचं, मोटारीवरचं कुट्टीयंत्र देणार होती. नाही दिसला तर यंत्र दुसऱ्या गावाला. मागच्या खेपेला सगळा मका आम्ही कोयत्यानं तोडला होता. माझं उजवं मनगट अजून धड वळत नाही. यंत्र मला हवंच होतं.

संस्थेच्या मॅडम परराज्यातल्या, त्यांना मराठी येत नव्हतं. दुधाचा तक्ता त्यांना इंग्रजीत समजावून सांगायचा होता. गटात बारावी पास मी एकटी. थोरल्या जाऊबाई नळदुर्गला शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. मी त्यांच्यापुढं जाऊन बसले.

"आकडे वाचून दाखवू नकोस," त्या म्हणाल्या. "आकडे त्यांनाही दिसतात. हे त्याच्याहून किती जास्त, ते ह्याच्याहून किती कमी, ते सांग. तक्ता बोलतो तो तुलनेनं."

मग त्यांनी मला 'कम्पेअर्ड टू' दिलं, 'व्हेअरअ‍ॅज' दिलं, 'अ‍ॅज मच अ‍ॅज' दिलं. मी दिवसभर तेच घोळत होते. भाकरी थापताना कालची भाकरी आजच्याहून मोठी, शेजारणीचं अंगण आमच्याहून स्वच्छ. ते मात्र मी मोठ्यानं म्हटलं नाही. गाडीवर ईट गावाला जाताना रस्त्यातल्या दोन खड्ड्यांची इंग्रजीत तुलना करून झाली. झोप उडाली होती. बसले की उठावंसं वाटायचं.

ईटला तक्ता छापून घेतला आणि तिथंच काउंटरवर बघत राहिले. मुरघासवाल्यांच्या दुधाचा खांब आणि कडबेवाल्यांचा खांब जवळजवळ सारखेच.

घरी जाऊबाईंनी तक्ता बघून चष्मा वर केला. "मग काय, 'सिमिलर' म्हण. एका शब्दात मोकळी."

"ताई, तुम्हाला थट्टा सुचतीय. यंत्र जातंय की हातचं!"

"मी कुठं थट्टा केली? जे दिसतंय ते सांगायचं."

जे दिसतंय ते खोटं आहे एवढं मला कळत होतं. आमच्या इथं दूध खव्याच्या भट्टीवर जातं. गायीचं, म्हशीचं, सासूचं, सुनेचं सगळं एकाच कॅनमध्ये. म्हणून कुठल्या म्हशीनं किती दिलं ते मी घरोघर विचारून वहीत लिहिलं होतं. भट्टीवाला तर महिनाभर म्हणत होता की कढया वाढल्यात. मग वाढलेलं दूध वहीत का नाही?

दुसऱ्या दिवशी पहाटे न सांगता मुरघासवाल्या एका घरी गेले. बाई धार काढून उठतच होती. मला बघून तिनं बादलीवर पदर ओढला.

"या की ताई. लिव्हा, सा लिटर."

"पदर काढ आधी. बादली काठोकाठ दिसतीय."

"लिव्हा वो सा. मागं आमच्या नणंदनं आठ म्हनून चारचौघींत सांगितलं, आठ दिसात म्हशीचा सड बसला, धार बंद. तुमचं काय जातंय सा लिव्हायला?"

"माझं यंत्र जातंय!"

"यंत्र येतंय-जातंय. म्हस एकच हाय."

घरी येईपर्यंत सगळं उलगडलं. दृष्ट लागेल म्हणून मुरघासवाल्या सगळ्यांनी आकडा खाली आणला होता. कडबेवाल्यांना लपवायला काही नव्हतं, त्यांनी खरं सांगितलं. खांब सारखे होणारच. मी मनातल्या मनात एकेकीला फैलावर घेत वहीचं पान उलटत गेले आणि माझ्याच नावाशी थांबले. सात लिटर. माझी म्हैस नऊ देते. अक्षर माझंच होतं. दृष्टबिष्ट काही नसतं असं मी सूनबाईला आठवड्यातून दोनदा ऐकवते.

त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मॅडम आल्या त्या दिवशी समाजमंदिरात गट जमला. मी तक्त्याशी उभी राहिले. पाठ केलेलं पहिलं वाक्य म्हटलं, दोन्ही खांब सिमिलर आहेत. मॅडमनी मान हलवून काहीतरी लिहिलं.

"बट माय बफेलो गिव्हज नाइन," मी म्हणाले. "व्हेअरअ‍ॅज आय रोट सेव्हन. आय रोट फॉल्स."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. कारण विचारलं. दृष्ट लागण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आठवेना, जाऊबाईंनी मागून सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांच्या गावातही असंच आहे म्हणाल्या. पण अंदाजावर यंत्र देता येणार नाही. पंधरा दिवस चोवीसही घरी मापानं मोजा, मग बघू.

मी ते मराठीत सांगितलं तसा गलका उठला. "धारेला कुनी हुबं ऱ्हायचं न्हाय." "म्हस आटली तर मॅडम देनार का दुसरी?" शेवटी पदर ओढणारीच उठली. "मोजा. पन आकडा तोंडानं बोलायचा न्हाय. लिव्हायचा अन् वही मिटायची. कबूल हाय का?"

कबूल केलं. पंधरा दिवस पहाटे-संध्याकाळी आम्ही चौघी घरं वाटून घेऊन हिंडलो. माप झाकून न्यायचं, गोठ्याबाहेर कोपऱ्यात मोजायचं, लिहायचं, मिटायचं. एकीनं मी लिहीत असताना माझ्या पाठीवरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या, म्हशीवरून नव्हे, माझ्यावरून. मला घाई होती, मी उतरवू दिल्या.

नव्या तक्त्याचा फोटो पाठवला. मॅडमचा फोन आला तेव्हा मी भट्टीवर दुधाच्या रांगेत होते, मागंपुढं आमच्याच बायका. फरक किती झाला, म्हणून मॅडमनी विचारलं. मला आता सगळी वाक्यं येत होती.

"मॅडम, प्लीज सी द पेपर," एवढंच म्हणाले.

त्यांनी बघितलं. यंत्र पुढच्या महिन्यात येणार आहे.

"काय म्हनल्या?" पुढचीनं विचारलं.

"यंत्र देतो म्हणाल्या."

"अन् फरक किती निघाला?"

मी कॅन पुढं सरकवला. ती हसली आणि तिनंही पुन्हा विचारलं नाही.