नाकाशेजारची पुळी

देगलूरच्या धोंडप्पांनी एकतीस वर्षं चांदपाशाच्या खुर्चीत बसून दाढी करून घेतली, पण त्या माणसाविषयी त्यांना खरं किती ठाऊक होतं? तुरटी फिरवताना तो श्वास रोखून धरतो, एवढंच. त्याचं घर कुठल्या गल्लीत, हेही त्यांनी कधी विचारलं नव्हतं. एका सोमवारी ते घर शोधायची वेळ आली, कारण सोमवारी दुकान बंद असतं.

त्यांची नात सृष्टी सोळा वर्षांची. आईबाप सारख्या बदलीच्या नोकरीत, म्हणून पोरगी शिकायला आजोबांकडे. तिच्या नाकाशेजारी एक पुळी आली होती. रोज पूजा आटोपली की धोंडप्पा तिच्या कपाळाला विभूती लावायचे. तीच विभूती खोबरेल तेलात कालवून त्यांनी चार दिवस पुळीवर अंगठ्यानं चोळली. रविवारी पुळीला पिवळं तोंड आलं, तेव्हा दोन्ही अंगठ्यांत धरून दाबली. पोरगी कळवळली. जरासा पू आला, बस. सोमवारी सकाळी तिचा गाल तापलेला, पापणी सुजलेली आणि डोळा अर्धा मिटलेला.

धोंडप्पांच्या लहानपणी गळवाला चीर न्हावीच द्यायचा. त्यांना दुसरं काही सुचलं नाही. तिचा हात धरून, विचारत विचारत ते चांदपाशाच्या दारात पोचले.

"चांदपाशा, सुई तापवून एक टोचा दे बाबा. सगळी घाण निघू दे."

चांदपाशा लुंगीवरच बाहेर आला. त्यानं सृष्टीला उजेडात उभं केलं. हात पाठीशी बांधून नुसतं पाहिलं.

"बेटा, थंडी वाजून राहिली का?"

"हाव. डोकं बी लई दुखायलंय."

तो बायकोला हाक मारत आत वळला, "मलिका, शर्ट दे. तू बी चल." मग हळूच म्हणाला, "आप्पा, नांदेड. आत्ताच्या आत्ता."

"इवल्याशा पुळीसाठी?"

"अब्बांनी एकाची इथंच टोचली होती." त्यानं स्वतःच्या नाकाच्या कडेला बोट लावलं. "त्याचा डोळा गेला. तवापासून आमच्या दुकानात सुई न्हाई."

धोंडप्पा भाड्याची जीप बघायला धावले.

जीपमध्ये सृष्टी मलिकाच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. नरसी गाव आलं, नायगाव मागं पडलं. धोंडप्पा सारखे वळून तिचा डोळा पाहत होते. मघापेक्षा जास्त मिटलाय का? की आपल्यालाच तसं वाटतंय? शेवटी त्यांना राहवेना.

"चांदपाशा, मीच दाबली रे ती."

"कळलं मला. दोन्हीकडनं नखं उमटलीत."

"पण एवढ्याशा पुळीत असतं तरी काय?"

"आमची कहकशां सांगती. पोरगी माझी, नर्सिंगला हाय."

याला मुलगी आहे, हे धोंडप्पांना तेव्हा कळलं.

"केसाच्या मुळाशी तेलाची बारीक पिशवी असती, आप्पा. वयात आलं की ती जास्त तेल सोडती. त्यात मेलेली कातडी मिसळली की भोकाला बूच बसतं. तेल आत तुंबतं, कातडीवरचे जंतू त्याच्यावर माजतात. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी लढायला येतात. त्यांची मढी, जंतूंची मढी, ते तेल, ती कातडी, ह्याचाच पू. बाहेरची घाण न्हाई त्यात. सगळं आपलंच."

"आणि मी वरनं तेल चोळलं."

"हाव. बूच पक्कं केलं तुमी. दाबलं की मग ते आतल्या आत फुटतं. नाकाजवळच्या नसा डोळ्यामागनं वर जातात..." तो मध्येच थांबला.

वर म्हणजे मेंदूत. धोंडप्पांनी वळून सृष्टीच्या कपाळाला हात लावून पाहिला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न केला, "कोणी दाबली?"

"मीच," सृष्टी चटकन म्हणाली.

धोंडप्पा पुढं झाले. "न्हाई बाई. मी दाबली."

डोक्याचा फोटो निघेपर्यंत ते दाराबाहेर उभे होते. उजवा अंगठा त्यांनी मुठीत आवळून धरला होता, जणू तो पुन्हा काही करून बसेल. चांदपाशा शेजारी उभा होता.

विष डोळ्यामागं पोचलं नव्हतं. एखादा दिवस उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं, असं बाई म्हणाल्या. सलाइनमधून औषध सुरू झालं. तिसऱ्या दिवशी डोळा उघडला. तोवर धोंडप्पांना अन्न गेलं नाही.

पुढं दोन महिन्यांनी, ऐन दुपारी, चांदपाशा छातीत कळ येऊन गेला. त्याच्या दोनच दिवस आधी धोंडप्पा खुर्चीत बसले होते. कहकशां कितव्या वर्षाला आहे, हे विचारायचं त्यांनी घरूनच ठरवलं होतं.

"पोरीला पुळ्या येतात का अजून?" चांदपाशानंच आधी विचारलं.

"येतात की दोन-चार. मी हात लावत न्हाई."

"आन् तेल?"

"डोक्याला बी बेतानंच. चांदपाशा, तुझी कहकशां..."

"आप्पा, हनुवटी वर करा. आन् बोलू नका, ब्लेड नवं हाय."