शनिवारची बॅच

दिपालीचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते तक्रारीतच. माझे यजमान रविराज कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. त्या वर्षी शनिवारी घरी आले की चहाच्या आधी तिचं नाव निघे. "ती आजही नाही. दहा प्रॅक्टिकलं बुडवली. येऊ दे जर्नलवर सही मागायला, मग सांगतो." जर्नलवर सही नाही तर परीक्षेला बसता येत नाही, आणि तिचं तर बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं.

फेब्रुवारीत नाशिकहून नणंदबाई आल्या. त्यांच्या यजमानांना साडेसाती. शनिशिंगणापूरला जायचं आणि तेही शनिवारीच. साडेसातीची बारा महिने थट्टा करणारे आमचे प्रोफेसर बहिणीपुढे मुकाट्याने गाडी काढायला गेले.

तेल आणि रुईची माळ घ्यायला आम्ही एका दुकानापाशी थांबलो. आत एक मुलगी माळा ओवायला केळीच्या सोपटाचे, म्हणजे खोडाच्या सालीचे, दोरे अर्ध्या ब्लेडने काढत होती. नजर गिऱ्हाइकावर, तोंडाने भाव सांगणं चालू, आणि हातातून शिवणाच्या दोऱ्याएवढे बारीक धागे सरसर सुटत होते. रुईच्या चिकाने बोटांची टोकं काळी पडली होती. तिने यांना पाहिलं आणि उठून उभी राहिली.

"सर, तुमी हितं? मग आज प्रॅक्टिकल कोन घेतंय?"

टोमणा नव्हता. पोरीला खरीच काळजी वाटली होती. यांनी उगाच तेलाची बाटली उचलून पाहिली.

"रवी, तुझी विद्यार्थिनी का ही?" नणंदबाई म्हणाल्या. "हजेरी बरी घेते!"

हीच ती दिपाली. दुकान तिच्या मावशीचं, राहीबाईंचं. त्या गल्ल्यावरून म्हणाल्या, "हिचे आईबाप पाथर्डीकडचे. दिवाळी झाली की उसाच्या तोडीला जात्यात. पोरगी शिकायची म्हनती, म्हनून माझ्याकडं. पाच दिस कॉलेजात जाती. शनवारी मातर हिच्याबिगर माझं पान हालत न्हाई."

"मग शनिवारी तासभर तरी दुकान लावून यायचं," हे म्हणाले.

"दुकानाला दारच न्हाई, सर. लावायचं काय?"

गाडीत बसण्याआधी हे परत फिरले. "उद्या रविवार. नऊला लॅबमध्ये ये. जमतील तेवढी कर. केलेल्यांवर सही करीन."

रविवारी दुपारी मी डबा घेऊन लॅबमध्ये गेले, कारण सकाळपासून यांचा फोन नव्हता. दिपाली खिडकीपाशी उभी होती. सकाळपासून बसलीच नव्हती म्हणे. सूर्यफुलाच्या खोडाचा काप घ्यायचा होता. मुलं काकडीच्या चकत्या करतात, असं हे नेहमी म्हणतात. तिने ब्लेड ओढलं, काप पाण्यात सोडला. हे वाकून बघत राहिले.

"यात काहीच नाही."

"हाय, सर. उजेडाकडं धरा."

यांनी काचेची वाटी उजेडात धरली. पाण्यात एक गोल होता. पाण्याहून वेगळा ओळखू येणार नाही इतका पातळ. त्याला रंग देऊन यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला बोलावलं. मी आयुष्यभर भाज्या चिरल्या. एवढ्याशा काडीच्या आत अशी घराला घर लागून वस्ती असते, हे मला पन्नाशीत कळलं. अंगावर काटा आला. तो त्या खोडामुळे की तिच्या हातामुळे, मला सांगता येणार नाही.

"बावीस वर्षांत असा काप पाहिला नाही मी," हे म्हणाले. मग एक पुंजका बरोबर भिंगाखाली आणून तिला विचारलं, "हे काय आहे?"

दिपालीने डोळा लावून पाहिलं आणि मान वर केली. 

"हात येतो सर. नावं येत न्हाईत. नावं सांगितली तवा मी दुकानात हुते."

यांनी खुर्ची ओढली आणि शिकवायला बसले. डबा तसाच राहिला. एक काप, एक आकृती, मग सगळी नावं तोंडपाठ, असं साडेपाचपर्यंत चाललं. लॅबचे शिपाई गहिनीनाथ किल्ल्या वाजवत आले. "सर, मला बी घर हाय."

आदल्या दिवशीचं धरून बुडालेली अकरा, त्यांतली नऊ झाली होती. यांनी जर्नल ओढलं आणि भराभर सह्या सुरू केल्या. दहाव्या पानावर पेन टेकणार तेवढ्यात दिपालीने पानावर हात ठेवला.

"ह्या दोन्हीवर नको, सर. ती केली न्हाईत."

"अगं, राहू दे. दिवसभर राबलीस. शिवाय यातलं एक कालचं आहे, काल मीसुद्धा नव्हतो."

"म्हनून तर नको," ती हसली. "आपुन दोघंबी नव्हतो की."

पेन तसंच वर राहिलं. मग यांनी टोपण लावलं.

नऊ सह्यांवर तिला परीक्षेला बसू दिलं. कोऱ्या पानांचे गुण मात्र कापले गेले आणि तीन गुणांनी पहिला वर्ग हुकला. पुण्याला एम.एस्सी.च्या यादीत तिचं नाव लागलं नाही. आता ती केळी-डाळिंबाची रोपं बाटलीत वाढवणाऱ्या एका लॅबमध्ये आहे. मुलाखतीत त्यांनी तिच्यापुढे एक कोंब आणि ब्लेड ठेवलं होतं. पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही म्हणे. एम.एस्सी.चा अर्ज ती यंदा पुन्हा करणार आहे.

निकालाच्या दिवशी हे जेवताना मध्येच थांबले होते.

"त्या दोन सह्यांचेच गुण गेले. तिच्या वयात मी गुपचूप घेतल्या असत्या."

"मी तर आजही घेईन," मी म्हटलं आणि त्यांच्या पानात भात वाढला.