मिरचीच्या ड्रममधली चांदी

चांदी विकत घेणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण चांदीची चाकरी करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो माझा सख्खा मामा निघाला. चांदी घ्यावी, जपून ठेवावी, भाव आला की विकावी आणि मोकळं व्हावं, असा तुमच्या-माझ्यासारख्यांचा साधा हिशेब असतो. मामांच्या हिशेबात यातला विकण्याचा भागच नव्हता. त्यांच्याकडे चांदी येई ती कायमच्या मुक्कामाला. नागपुरात लकडगंजातल्या त्यांच्या घरात एकेका किलोच्या तीन विटा होत्या. थोरली, मधली आणि धाकटी अशी त्यांची नावं होती आणि प्रत्येकीची जन्मकथा मामांना तोंडपाठ होती. स्वतःचा मुलगा सकाळी जन्मला की संध्याकाळी, हे त्यांना मामीला विचारावं लागे. पण मधली वीट घेतली त्या दिवशी इतवारीत आभाळ आलं होतं आणि सराफानं पाजलेल्या चहात साखर जास्त झाली होती, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगत.

बरं, माणूस व्यवहाराला कच्चा होता म्हणावं तर तसंही नाही. उभी हयात कळमन्याच्या बाजारात मिरचीच्या अडतीत गेलेली. मूठभर मिरची हातात घेऊन नुसती दाबली की ती खरंच भिवापूरची आहे की भिवापूरचं नुसतं नाव लावून आली आहे आणि वजन वाढवायला तिच्यावर पाणी मारलंय की नाही, हे मामा डोळे मिटून सांगत. मिरचीचा त्यांनी कधी लळा लावून घेतला नाही. माल हा पाहुण्यासारखा असतो. आला, जेवला की गेला पाहिजे, हे त्यांचं मिरचीपुरतं तत्त्वज्ञान. मिरचीचा भाव जरा डळमळला की संध्याकाळच्या आत सगळी पोती वाटेला लावणारा हा माणूस चांदी उतरली की सुतकात असल्यासारखा बसे. चढली की खूश होई म्हणावं, तर तेही नाही. उतरली की घेतलेल्या चांदीचं दुःख आणि चढली की न घेतलेल्या चांदीचं. रविवारी बाजार बंद असतो, तेवढा एक दिवस मामा माणसांत असत.

चांदी ठेवायची जागा हा तर त्यांच्या अकलेचा कळस होता. बँकेच्या लॉकरवर विश्वास नव्हता, कारण ज्या कुलपाची दुसरी किल्ली दुसऱ्याकडे असते ते कुलूप आपलं कसं, हा त्यांचा सवाल. म्हणून तिन्ही विटा जुन्या धोतरात गुंडाळून वर्षाच्या मिरचीच्या ड्रममध्ये, अगदी तळाशी ठेवलेल्या. चोर कितीही धीट असला तरी भिवापुरी मिरचीत खांद्यापर्यंत हात घालायची त्याची छाती व्हायची नाही. युक्ती बिनतोड होती. फक्त झालं होतं असं, की दर आठ-पंधरा दिवसांनी विटा बाहेर काढून पाहिल्याशिवाय मामांना चैन पडत नसे, आणि ड्रमचं झाकण निघालं की त्यांना अशा काही शिंका लागत की गल्लीच्या टोकाला बांधलेली म्हैस दचकून उभी राही. शेजारच्या काकू अंगणात कुरड्या घालता घालता सुनेला सांगत, "बुढे चांदी पाहून राहिले वाटते." ही जागा आपण दोघं नवराबायको सोडून कोणालाही ठाऊक नाही, याबद्दल मामांची मात्र बालंबाल खात्री होती.

दागिन्यांशी त्यांचं वैर होतं. घडणावळ म्हणजे चांगली चांदी बिघडवल्याबद्दल आपणच भरलेला दंड, असं ते म्हणत. त्यामुळे एवढी चांदी घरात असून मामीच्या पायात चांदीची जोडवी सोडली तर दुसरं काही नाही. एका लग्नात नवरीच्या बापानं जावयाला दिलेलं चांदीचं ताट मामांनी उचललं, तळहातावर तोललं, टिचकी मारून कानाशी नेलं आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ताट मस्त आहे. चांदीचं राहिलं असतं तर अजून मस्त राहिलं असतं." त्या घरचं आमंत्रण पुढे आमच्या खानदानात कोणालाच आलं नाही.

पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलानं एकदा समजावून पाहिलं, की बाबा, हल्ली चांदी फोनवरसुद्धा घेता येते, सांभाळायची कटकट नाही. मामांनी त्याचा फोन हातात घेऊन उलटासुलटा केला आणि ही चांदी पायावर पडली तर लागते का, एवढंच विचारलं. नाही लागत, असं मुलगा म्हणाला. मग ती चांदीच नाही, असा निकाल देऊन मामा जेवायला उठले. देवाच्या कानावर ते गेलं असावं. महिनाभरात मधली वीट खरोखरच त्यांच्या पायावर पडली. अंगठा वांग्यासारखा सुजला. मामांना दुखत होतं यात शंका नाही, पण चेहऱ्यावर समाधान असं, की चांदी अस्सल असल्याचा दाखलाच मिळाला. मी त्यांना स्कूटरवर घालून त्याच दुपारी दवाखान्यात नेलं, अंगठ्याचा एक्स-रे काढला, पट्टी बांधून आणली. मामी दारात उभी होती. म्हणाली, "अंगठ्याचा नंबर लवकर लागला."

तिला तसं म्हणायचा हक्क होता. तिचे दोन्ही गुडघे पार झिजले होते. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, की बदलावे लागतील, आणि फार उशीर केलात तर पायातली ताकदच जाईल, मग बदलून तरी काय उपयोग. मामांनी नाही म्हटलं नव्हतं. माणूस कंजूष नव्हता, आणि मामीवर त्यांचा जीव होता. तिन्ही विटा विकायच्या आणि गुडघे करायचे, हे त्यांनी दवाखान्याच्या पायरीवरच ठरवून टाकलं. दुसरी पुंजी नव्हती. मुलगा पैसे पाठवतो म्हणत होता, पण घराचे हप्ते फेडणाऱ्या पोराकडून घेणं मामांना मंजूर नव्हतं. फक्त चांदीला भाव येऊ द्यायचा होता. एक आकडा ठरला. चांदी चढत चढत त्या आकड्याला आली तेव्हा मी स्कूटर घेऊन हजर झालो, तर मामा ओट्यावर निवांत. म्हणाले, "चढत्या मालाच्या आडवं जाऊ नाही गा." आकडा पुढे सरकला. मग चांदी घसरली, तर पडत्या भावात विकायला मी काय खुळा आहे, असं मलाच विचारू लागले.

असं चाललं होतं. चढली तरी थांबायचं, पडली तरी थांबायचं, आणि तेवढ्यात मामीनं स्वयंपाकघरात स्टूल आणून ठेवलं. देवघरातले देव खालून उचलून वर फळीवर गेले. दोन गल्ल्या पलीकडे बायकांची भिशी असे, तिथे जाणं बंद झालं. बायकाच पैसे घ्यायला घरी येऊ लागल्या. मामी भांडली असती तर बरं झालं असतं, पण ती भांडणाऱ्यातली नव्हे. मीच एकदा चिडून म्हणालो, की मामा, मामीचे गुडघे काय चांदीचा भाव विचारून दुखतात का? यावर मामा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. फोन मात्र रोज सकाळी करत. भाव विचारत आणि ठेवून देत.

मग धनत्रयोदशी आली. त्या दिवशी तिन्ही विटा धुऊनपुसून पाटावर मांडायच्या आणि मामीनं त्यांना हळदकुंकू वाहायचं, हा त्या घरचा रिवाज. मीही फराळाच्या आशेनं गेलो होतो. मामी पाटापाशी आली, भिंतीला धरून खाली बसायला वाकली आणि तशीच थांबली. तिला बसता येईना. मामांनी खुर्ची आणली. खुर्चीवरून तिचा हात विटांपर्यंत पोचेना, कुंकू सगळं फरशीवर सांडलं. मामा म्हणाले, असू दे, मी वाहतो. मामीनं करंडा त्यांच्या हाती दिला आणि मीठ संपलं असं सांगावं तितक्या साध्या आवाजात म्हणाली, "आता दर वर्षी तुम्हीच करत जा. माह्यानं होणार नाही."

मामांनी हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला. बराच वेळ केला. मग उठले, त्याच धोतरात तिन्ही विटा बांधल्या आणि मला म्हणाले, "स्कूटर काढ गा."

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी इतवारीच्या सराफ्यात अख्खं नागपूर लोटतं. त्या वर्षी चांदीला असं काही उधाण आलं होतं, की दुकानांत माल उरला नव्हता. सराफ हात जोडून मामांना म्हणाला, काका, आज एक ग्रामसुद्धा नाही, नाव लिहून जा. मामांनी गाठोडं काउंटरवर ठेवलं. "घ्याले नाही आलो. द्याले आलो." शेजारच्या एका बाईनं आपलं पोर जवळ ओढून घेतलं. मागून कोणीतरी मायेनं सांगितलं, की काका, आजच्या दिवशी लक्ष्मी घराबाहेर काढत नसतात. मामा वळले नाहीत. म्हणाले, "बायकोचे गुडघे करायचे आहेत. देवीले सांगून आलो मी." आणि आयुष्यात पहिल्यांदा भाव न विचारता तीन विटा दिल्या. पैसे बँकेत जमा करायला सांगून बाहेर आले. परतताना मी मागे वळून आकडा सांगायला लागलो, तर म्हणाले, नको सांगू.

गंमत पुढेच आहे. आठवडाभरात चांदी धाडकन पडली आणि मामा रातोरात लकडगंजातले पंडित झाले. माणसं ओट्यावर येऊन विचारू लागली, की तुम्हाला आधीच कसं कळलं? मामा नुसते मान हलवत, कळलं नव्हतं असं काही त्यांनी सांगितलं नाही. तोवर मामीचे गुडघे झाले. आधी वॉकर, मग काठी, मग काठीही कोपऱ्यात गेली. आणि त्याच सुमाराला चांदी जी उठली ती थांबेचना, मामांनी विकली त्याच्या जवळजवळ दुप्पट झाली. विचारायला येणारेच आता सांत्वनाला येऊ लागले. मामा हसून घेत, पण दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही हे खरं. मिरचीचा ड्रम उघडायचंही त्यांनी सोडून दिलं. गल्ली शिंकांवाचून सुनी झाली.

हे मामी पाहत होती. एका दुपारी ती कोणाला न सांगता ई-रिक्षा करून एकटी इतवारीत गेली, गर्दीतून चालत सराफाकडे पोचली आणि भिशीच्या पैशांतून चांदीचं एक नाणं घेऊन आली. आल्यावर मामांच्या हातात ठेवलं. म्हणाली, "घर खाली खाली वाटून राहिलं होतं." मामांनी नाणं तळहातावर तोललं. त्या दिवशी भाव शिगेला होता, वर नाण्याची घडणावळ वेगळी. मामीनं आजवर कोणी घेतली नसेल एवढी महाग चांदी घेतली होती, हे त्यांना हात लावताक्षणीच कळलं असणार. ते म्हणाले, "बरोबर घेतलं वं तू. अजून चढन."

चार-सहा दिवसांतच चांदी कोसळली.

परवा सकाळी मी त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. मामीनं आतून विचारलं, आपलं नाणं कुठवर गेलं? ती रोज विचारते म्हणे. मामांनी चष्मा लावला, फोन बघितला आणि माझ्याकडे बघितलं. खरा आकडा मी सकाळीच पाहिला होता. मामीलाही तो ठाऊक नसेल असं नाही, हल्ली भाजीवालासुद्धा चांदीचा भाव सांगतो. जन्मभर एका रुपयासाठी सराफाशी हुज्जत घालणारे माझे मामा खोटं बोलले, "थोडी चढली वं आज."

"पाहा, म्हटलं नव्हतं मी?" असं म्हणत मामी चहाचे कप घेऊन तरातरा बाहेर आली, आणि मामा फोन बाजूला ठेवून तिच्या चालण्याकडे पाहत राहिले.