सुभेदाराची पिसं

चार इंजिनिअर एका कॉलनीत राहिले की किस्से साठवावे लागत नाहीत, धुळीसारखे आपोआप साठतात. त्यात एखाद्याच्या घरी पोपट आजारी पडला, तर मग विचारूच नका!

मी मिरजेहून बेंगळुरूला नोकरीला आलो तेव्हा देश नुकता स्वतंत्र झाला होता आणि सरकारी कारखाने धडाधड उभे राहत होते. ड्रॉइंग ऑफिसात माझ्या एका बाजूला म्हैसूरचे मूर्ती आणि दुसऱ्या बाजूला बेळगावकडचे भीमराव देशपांडे. भीमरावांना सगळे अण्णाच म्हणत. माणूस देवगुणी, पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ! मूर्ती म्हणायचे, "आमची मशीन्ससुद्धा यांच्यापेक्षा जास्त बोलतात."

अण्णांकडे एक पोपट होता. त्यांच्या मुलीनं, कुसुमनं पाळलेला. रुबाब असा की नावच पडलं सुभेदार. कुसुम लग्न होऊन जबलपूरला गेली आणि थोड्याच दिवसांत पिंजऱ्याखाली हिरवी पिसं दिसायला लागली. आधी आम्हाला वाटलं, पिसं झडतायत. एके दिवशी अण्णांच्या बायकोनं, सुशीलाअक्कांनी, डोळ्यांनी पाहिलं. सुभेदार मान वाकवून स्वतःच्याच छातीवरचं एकेक पीस उपटत होता!

*

मूर्तींचा पहिला अंदाज, किडे. "मशीन बिघडलं की आधी क्लीनिंग!"

कडुनिंबाचा पाला उकळला, पाणी गार केलं आणि सुभेदारला अंघोळ घातली. त्यानं मूर्तींचं बोट असं फोडलं की पाण्यापेक्षा टिंक्चरच जास्त लागलं. किडा एकही निघाला नाही. ओला सुभेदार मात्र एवढासा दिसायला लागला.

सुशीलाअक्का म्हणाल्या, "क्लीनिंग झालं. आता ऑइलिंग नको हं!"

*

मग मी म्हटलं, चोच छातीपर्यंत पोचलीच नाही तर? गळ्यात एक कॉलर घालू या.

झालं! जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघांनी ड्रॉइंग काढलं. वरून, समोरून, बाजूनं. मानेचं माप अण्णांनी दोऱ्यानं घेऊन आणलं होतं. सेल्युलॉइडची झकास कॉलर तयार झाली. सुभेदारनं ती गळ्यात घालून घेतली, आमच्याकडे पाहिलं, आणि आमची कॉफी संपायच्या आत कात्रीनं कापावी तशी कापून टाकली.

"मटेरियल चुकलं," मूर्ती म्हणाले.

दुसरी कॉलर ॲल्युमिनियमच्या पत्र्याची. ती घातल्याबरोबर सुभेदारचा तोल गेला आणि तो डोक्यावर पाण्याच्या वाटीत पडला! सुशीलाअक्कांनी ती काढून आमच्या हातात ठेवली. "याला कारखान्यात भरती नाही करायचं मला."

*

बातमी कॉलनीभर झाली. जो येई तो पिंजऱ्यात डोकावून कानडीत हळहळे, "अय्यो, पाप!" म्हणजे, अरेरे, बिचारा! दिवसभर तेच ऐकून सुभेदारही तेच म्हणायला शिकला.

एकदा आमचे मोठे साहेब अण्णांकडे काही कामानं आले. दारात त्यांनी हॅट काढली. डोक्यावर औषधालाही केस नव्हता. पिंजऱ्यातून अगदी मनापासून आवाज आला, "अय्यो, पाप!"

आम्ही सगळे छताकडे बघायला लागलो. साहेबांनी सुभेदारची उघडी छाती पाहिली आणि म्हणाले, "सेम टू यू!"

*

कुणीतरी म्हणालं, एकटेपणा आहे, जोडीदारीण आणा. मूर्ती आणि मी बाजारात गेलो. विक्रेत्यानं गळ्याला हात लावून सांगितलं, "मादीच आहे, सार!" नराच्या गळ्यावर असतो तो कंठ नव्हता, म्हणून आमचाही विश्वास बसला.

सुशीलाअक्कांनी तिला कुंकू लावायचंच काय ते बाकी ठेवलं. पण सुभेदार तिच्याकडे पाठ करून बसला आणि पिसं उपटतच राहिला. काही महिन्यांनी नवरीच्या गळ्यावर काळा-गुलाबी कंठ उमटायला लागला.

मूर्ती ओरडले, "अण्णा, सून कुठली? जावई आलाय!"

जावयाला मूर्तींनी आपल्या घरी नेलं.

*

इथवर हसण्यावारी चाललं होतं. मग एके सकाळी सुभेदारच्या छातीवर रक्त दिसलं. सुशीलाअक्का पदर तोंडाला लावून दारात उभ्या. "पोरीनं जाताना माझ्या हातात दिलाय हो याला. तिला काय सांगू?"

गुरांचे एक म्हातारे डॉक्टर होते. हयात गाई-घोड्यांत गेलेली. त्यांनी जखमेला मलम लावलं, मिरच्या-शेंगदाणे कमी करून फळं-भाजी द्यायला सांगितली. मग इकडेतिकडे पाहून विचारलं, "या घरात कोण बोलतं?"

कुणीच उत्तर दिलं नाही.

"तेच म्हणतोय मी. आधी मुलगी बोलायची ना याच्याशी? आता रोज संध्याकाळी कुणीतरी समोर बसून बोला." त्यांनी थेट अण्णांकडे बोट केलं. "तुम्ही!"

अण्णा घाबरले. "मी? काय बोलू?"

"काहीही! त्याला कुठं कळतंय?"

*

पहिल्या संध्याकाळी अण्णांनी त्याला मिलिंग मशीनची माहिती दिली. सुभेदार झोपला.

पण अण्णा चिकाटीचे. हळूहळू ऑफिसातल्या गमती सांगायला लागले. मग लहानपण, मलप्रभेचा पूर, कुस्तीत पहिल्याच डावात खाल्लेली माती. एकदा मी कॉफीला गेलो होतो, तर अण्णा पिंजऱ्याला सांगत होते, "कुसुमची गाडी सुटली ना, तेव्हा मी पाणी आणायचं निमित्त करून नळावर जाऊन उभा राहिलो बघ."

आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

छातीवर आधी करडी लव आली, मग हिरवे कोंब फुटावेत तशी पिसं. सुभेदार पुन्हा सुभेदार दिसायला लागला.

*

डॉक्टर बघून गेले. म्हणाले, "बरा झाला!" ती बातमी ऐकून मी संध्याकाळी पेढे घेऊन गेलो.

अण्णा नुकतेच घरी आले होते. त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिलं, समाधानानं मान हलवली आणि वर्तमानपत्र उघडून खुर्चीत बसले. ड्यूटी संपली!

सुशीलाअक्का स्वयंपाकघराच्या दारात आल्या. मग त्यांनी स्टुलावरचा पिंजरा उचलून व्हरांड्यात नेऊन टांगला, हात पुसले, आणि त्याच स्टुलावर अण्णांसमोर येऊन बसल्या.

"हं, मग?" त्या म्हणाल्या. "आज ऑफिसात काय झालं?"