पोरीच्या अंगावर किती चरबी असावी

आमच्या घरात चरबी हा शब्द फक्त भांडणात निघायचा. "लई चरबी आली का अंगावर?" असं आत्या म्हणाली की आता पाठीत धपाटा बसणार हे नक्की. त्यामुळे शाळेतल्या खेळाच्या सरांनी आम्हा मुलींना मैदानावर उभं करून "अंगावर चरबी नको" असं बजावलं, तेव्हा आमच्या हातून काहीतरी उद्धटपणा झालाय असं वाटून मी मान खाली घातली. सर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हिच्यासारखं अंग पायजे, काडी! मंग पळता येतं." आता मान वर करावी की आणखी खाली घालावी, हे मला कळेना.

ही सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होता. आमचं गाव अंबडच्या बाजूला, शाळा अंबडला. मी नववीत होते आणि खो-खोच्या संघात होते. सकाळी पायी शाळेत जायचं, शाळा सुटली की सराव करायचा, पुन्हा पायी घरी यायचं आणि आल्या आल्या विहिरीवर पाणी शेंदायला उभं राहायचं. जेवायला बसायची ती सगळ्यांच्या शेवटी, आईबरोबर. वडील, चुलते, भाऊ, आत्या यांची जेवणं झाली की टोपल्यात जेवढ्या भाकरी उरतील तेवढ्या आमच्या. त्यात आई आठवड्यातून दोन उपास धरायची, म्हणून मीही धरायची. शिवाय आमचा संघ जिंकावा म्हणून मी चतुर्थीही धरायला लागले होते. देवाला खूश करायचं आणि सरांनाही, म्हणजे दोन्हीकडून सारखाच फायदा, असा माझा हिशेब होता.

मला खेळायचं होतं. त्या वयात बाकी काही मला कळत नसेल, पण हे नक्की कळत होतं. संक्रांतीनंतर औरंगाबादला विभागाचे सामने होते. तिथे मला जायचं होतं आणि त्याच्या आड येईल ते सगळं मला शत्रू वाटत होतं. त्या शत्रूंत पहिला नंबर महिन्याच्या अडचणीचा. आमच्याकडे पाळी आली की बाजूला बसायचं. मागच्या पडवीत एक कोपरा होता, तिथे गोणपाटावर. शाळेत जायचं नाही, कशाला शिवायचं नाही. सराव बुडायचा आणि सर दुसऱ्या दिवशी चिडायचे. त्यांना कारण सांगता यायचं नाही, आणि ते कारण ओळखत असले तरी तसं दाखवायचे नाहीत.

गणपती झाले आणि ही अडचण आपोआप थांबली. पुढच्या महिन्यात आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मला आनंद झाला. देवाने माझ्या चतुर्थ्या मोजल्या असं मला खरंच वाटलं. मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

दिवाळीत आत्या आईला म्हणाली, "ही पोरगी लई दिस झाले बाजूला बसून न्हाई राह्यली." आत्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असायची, आणि घरात कोण कधी बाजूला बसलं हे तिला तोंडपाठ असायचं. आईने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला आवडलं नाही. आता दवाखाना, अंगारा, जडीबुटी असलं काहीतरी निघणार आणि माझा खेळ बंद होणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

मग मी दुसऱ्याच दिवशी पडवीत जाऊन बसले. त्या दिवसांची फडकी धुतल्यासारखी ओली केली, चुलतीच्या लुगड्याखाली वाळत घातली. पुढच्या महिन्यातही तसंच. आत्याचा जीव भांड्यात पडला.

आणि इथून माझा खरा गोंधळ सुरू झाला. बाजूला बसलेल्या बाईचं ताट आमच्याकडे सगळ्यांच्या आधी वाढलं जायचं. घरची माणसं जेवायला बसल्यावर मधेच उठून तिकडे जाणं नको, म्हणून आई आधीच ताट भरून लांबून सरकवायची. पुन्हा वाढायला येणं नको, म्हणून भरपूर वाढायची. गरम भाकरी, वर तेल घातलेला ठेचा, घट्ट वरण. त्या दिवसांत उपासही नसायचा, कारण विटाळात देवाचं काही चालत नाही. मी बसून खायची आणि झोपायची. मैदानावर परत गेले की पाय जड झालेले असतील म्हणून मला धास्ती असायची, पण झालं उलटंच. मी जास्त जोरात पळू लागले. सरही चक्रावले. म्हणाले, "दांडी मारून आल्यावर हिला येवढा दम कुठून येतो?"

मला तर काहीच कळेना. अंग हलकं राहावं म्हणून कमी खायचं, तर चार दिवस पोटभर खाऊन मी जास्त पळत होते. महिन्याचं थांबलं म्हणजे देव पावला, तर आत्याचा चेहरा का पडला होता? आणि जे खोटं होतं त्याच्यामुळे खरोखर बरं कसं वाटत होतं? विचारायचं कुणाला? मैत्रिणींमध्ये असलं कुणी बोलत नसे. आम्ही फक्त एकमेकींच्या मागे उभं राहून परकराला डाग लागला का ते पाहायचो.

मार्गशीर्षात मला बघायला पाहुणे आले. घनसावंगीकडचे, जमीन बरी होती. मुलाच्या आईने मला जवळ बसवलं, माझा दंड चिमटीत धरला आणि मेथीची जुडी पारखावी तसा दाबून पाहिला. "पोरगी लई वाळकी हाय," ती आईला म्हणाली. आणि मग आवाज खाली आणून, पण मला ऐकू येईल इतपतच खाली, तिने विचारलं, "बाजूला बसती का बराबर?"

आईच्या आधी आत्याच बोलली. "बिलकुल बराबर! कालपरवाच उठली की."

पाहुणीचं समाधान झालं. संक्रांत झाली की सुपारी फोडू असं ठरलं, आणि लग्न ठरलेल्या पोरीने मैदानावर परकर खोचून पळायचं नाही हे न सांगताच ठरलं. मी पडवीत जाऊन बसले होते ते खेळता यावं म्हणून, आणि त्यानेच माझं लग्न जमवलं! मला इतका राग आला की कुणावर काढावा हेच सुचेना. मी मागच्या बाजूला जाऊन गोणपाटाला लाथ मारली.

खरं सांगितलं तर लग्न मोडेल हे मला समजत होतं. पण खरं काय, तेच मला माहीत नव्हतं. मला काही रोग झाला होता का? की मी बाईच राहिले नव्हते?

शेवटी कापूस वेचताना मी आईला सांगितलं. आम्ही दोघीच होतो, चुलती दूर बांधाला होती.

"आई, माझं बंद हाय."

"काय बंद?"

"ते."

तिचे हात थांबले. "कवापून?"

"गणपतीपून."

"आन् मंग तू बसत व्हतीस ते?"

"उगंच."

तिने ओटीतला कापूस तसाच धरून ठेवला. मला वाटलं, आता बोंड फेकून मारणार. पण ती अगदी हळू म्हणाली, "कोन हाय?"

"कोन म्हंजी?"

"कुनी हात लावला का तुला?"

मी खरंच आठवून पाहिलं. सर कधीकधी मुलांच्या संघाशी आमचा सामना लावायचे. "लावतात की," मी म्हणाले, "बाद करताना." आई मटकन सरीतच बसली. मग तिने मला एकेक प्रश्न विचारला, जमिनीकडे बघत, आणि मी उत्तरं दिली. काही प्रश्न मला कळलेच नाहीत. त्या न कळण्यावरूनच तिला जे हवं होतं ते कळलं असावं, कारण ती उठली आणि पदराने डोळे पुसून पुन्हा वेचायला लागली. लग्न झालेल्या बायांना काय काय ठाऊक असतं आणि पोरींना काय काय ठाऊक नसतं, याचा अंदाज मला त्या दिवशी पहिल्यांदा आला, आणि फार भीती वाटली.

बांगड्या भरायला जातो असं घरी सांगून ती मला एसटीने जालन्याला घेऊन गेली. बायकांचा दवाखाना होता, डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तपासलं. मला खाटेवर काय काय सोसावं लागलं ते मी सांगत नाही. मग त्यांनी आईला बाहेर न घालवता माझ्याशीच बोलायला सुरुवात केली, हे मला नवीन होतं. मी काय खाते, किती पळते, किती चालते, उपास किती. मग त्यांनीही माझा दंड मागून चिमटीत धरला. मला वाटलं, याही सुपारी फोडतात की काय.

"इथे काही नाहीच," त्या म्हणाल्या. "बाईच्या अंगावर थोडी चरबी लागते गं. ती संपली आणि वर तू इतकी पळतेस, म्हणून पाळी थांबली. रोग नाही हा."

"पन सर म्हंतात चरबी नको."

"सरांना पाळी येते का?"

मी हसले नाही. मला ते नीट समजून घ्यायचं होतं. "मंग किती पायजे?"

"पळणाऱ्या मुलीला थोडी कमी असली तरी चालते. अजिबात नसली तर चालत नाही."

"पन किती?"

त्या थोड्या वैतागल्या. "ते वजनकाट्यावर दिसत नाही. पाळी आपली आपण येते, चढ चढताना दम पुरतो, तेवढी असली म्हणजे पुरे. उपास सोड. जेवण दुप्पट कर. थोडे दिवस पळणं कमी कर, मग खेळ. खेळ सोडायचं कारण नाही."

मला उडी मारावीशी वाटली. मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

"बाई," ती म्हणाली, "अंगात काय न्हाई म्हनून बंद पडतंय?"

"हो."

"मागल्या दुष्काळात आमी रोडच्या कामावर खडी फोडाया गेल्तो. तवा माझं बंद पडलं. माझंच न्हाई, आमच्या टोळीतल्या लई बायांचं. आमी हासायचो. म्हनलं, बरं झालं, कटकट गेली."

"मग परत आली ना?"

"त्यायची आली. माझी न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी तिचं वय विचारलं. आईला ते सांगता येईना. मी बोटांवर मोजलं. तिच्या लग्नात ती किती वर्षांची होती, मी किती वर्षांनी झाले. पस्तीसही भरत नव्हती. मी तिला म्हातारी समजत होते. घरात सगळेच समजत होते. एका मुलग्यावर थांबली म्हणून आत्या तिला उठताबसता टोचून बोलायची, आणि दुसरा मुलगा व्हावा म्हणून आत्यानेच तिला ते उपास फार पूर्वी लावून दिले होते, ते अजून चालूच होते. डॉक्टरीणबाईंनी उठून तिचाही दंड धरला. "तुम्हीही जेवत जा," एवढंच म्हणाल्या. बाहेर बायकांची रांग होती.

एसटीत मी दोनदा विचारलं, आई, मी खेळू ना. तिने खिडकीबाहेर पाहिलं.

घरी आलो तेव्हा आत्या दारात होती. वडील बाजेवर बसले होते. "बांगड्या कुठंयत?" आत्याने विचारलं.

"आक्का," आई म्हणाली, "त्या पाव्हन्यायला निरोप धाडा. पोरीचं बंद हाय म्हनावं."

मला वाटलं धरणी दुभंगावी. अंगणात, वडिलांसमोर! चुलती चुलीपाशी होती, शेजारची भिंतीपलीकडे भांडी घासत होती. वडील उठून गोठ्याकडे गेले.

आत्या कुजबुजत म्हणाली, "अगं हळू. गावभर होईल. पुन्हा स्थळ येनार न्हाई पोरीला."

"न्हाई तर न्हाई. ती खेळाया जानार हाय. आन् आधी जेवनार हाय." मग तिचा आवाज चढला. तो तसा चढलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. "माझं बंद पडलं तवा कुनी इचारलं व्हतं का? धा जनी हसत खडी फोडीत व्हतो आमी. कुनी इचारलं?"

आत्या दारातून आत गेली. आईने माझं लग्न मोडलं होतं आणि माझी अब्रू भिंतीपलीकडे फेकली होती, एकाच वाक्यात. तिला मिठी मारावी असं मला वाटत होतं आणि तिच्या तोंडावर हात दाबावा असंही. मी औरंगाबादला गेले, पोटभर जेवून गेले, खेळले. पण त्या संध्याकाळी आई माझ्यासाठी ओरडली की स्वतःसाठी, हे मी तिला कधी विचारलं नाही, आणि अजूनही मला ते कळलेलं नाही.